झाडूनं नाही, जवाईबापूनं!

...अन् वरून मले म्हणतात काय, "आई, मी तुमचं नाव थोडीच घेतलं? मी नुसतं 'बाई' म्हणलं!" आता घ्या! तुम्हाले सांगतो, लोहाऱ्याच्या आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात बाई किती? एक. ती कोण? मी, नलू. दुसरी एखादी टेबलाखाली लपून बसली असंल तं दाखवा मले! मॅनेजर बाई नाही, बाबू बाई नाही, गेटवरचा चौकीदार बाई नाही, एकुलती एक बाई मी, हातात झाडू घेऊन दारात उभी, अन् हे म्हणतात नाव नाही घेतलं! अन् हे म्हणजे कोण? हे म्हणजे आमचे जवाईबापू. माह्या पायलचा नवरा, संघदीप. कॉम्प्युटरचा कोर्स केलेले. जवाई हाय म्हणून वाचले, नाहीतर तुम्हाले सांगतो, त्याच झाडूनं... जाऊ द्या. तोंड कायले खराब करू?

नाही, थांबा, कायले जाऊ द्या? ऐकाच. पयले हे समजून घ्या का मी 'त्यायनं, त्यायनं' काहून म्हणून राह्यली. मले काही लय मान द्याची हौस नाही आली. 'त्यानं' म्हणलं का आमचा बुढा, माहा नवरा उकंडा, डोळे वटारते. "नलू, जवाई हाय. मानानं बोल." मानानं! ज्यानं सासूच्या पोटावर पाय देला त्याले मानानं! बरं बापा, मानानं तं मानानं. त्यायनं पाय देला.

अन् वेळ कोणती, हेबी पाह्य. कापसानं साऱ्या जिल्ह्याले रडवलतं त्या साली. भावाचा ठिकाणा नाही, पेपर उघडला का यवतमाळचं नाव, दिल्लीहून गाड्या येतात, फोटो काढतात, धुरळा उडवतात अन् जातात. आजूबाजूच्या जिनिंगा एकेक करून कुलूप लावून राह्यल्या. आमची तेवढी चालू. म्हणजे त्या टायमाले तिथलं काम सुटलं का दुसरीकडे कोणी उभं करत नाही, तुम्ही चौथी पास असा नाहीतर चौदावी. मी चौथी पास हाये. पाचवीचं पुस्तक आणलंतं, पण मायनं सरकी वेचाले धाडलं, ते पुस्तक बकरीनं खाल्लं. मले वाटते तिनंच पुरं केलं माहं शिक्षण.

तं आमच्या ऑफिसात एक काचेची खोली हाय. तिथं एसी. जिनिंगात घाम गाळणाऱ्या माणसाले पंखा नाही, पण त्या खोलीत एक काळा डब्बा हाये, त्याले एसी! सर्वर म्हणतात त्याले. इतका लाडाचा का मॅनेजर त्याच्यापाशी हळू बोलते. अन् ह्या लाडक्याचा एकच दुश्मन, रुई. जिनिंगात रुई कुठं नाही? भाकरीत रुई, चहात रुई, किसनराव मॅनेजरच्या मिशीत रुई... मॅनेजर शिंकला का आम्हाले वाटते रुईची गठाण फुटली! ती रुई डब्ब्याच्या आत गेली का तो तापते, घुर्र घुर्र करते. म्हणून सकाळी एकदा अन् जेवणाच्या सुट्टीत एकदा त्या खोलीत झाडू मारायचा, फडकं फिरवायचं, हे काम माहं. तो डब्बा आला तवापासून माहं. माह्या हातून त्याचा एक दिवा विझला नाही कधी. पायलच्या लहानपणी तिचे केस मी एवढ्या जपून नाही विंचरले जेवढं मी त्या वायरीयच्या मधून फडकं काढतो!

अन् जवाईबापूले त्या खोलीत बसवलं कोण? म्यां! हात जोडले किसनरावले. "साहेब, आमचे जवाई कॉम्प्युटर शिकेल हायेत, घरी बसून राह्यले, पाह्यना काही." किसनराव म्हणे, "नलूबाई, तुमच्या शब्दावर घेतो." माह्या शब्दावर! सीजनभर मग जवाई अन् पायल दोघंबी आमच्याच घरी. सकाळी मी उठायचं, दोन डब्बे भरायचे, एक घरी बसेल बुढ्यासाठी, एक त्यायचा. जवायाच्या डब्ब्यात पोळी, बुढ्याच्या डब्ब्यात भाकर. मी तिथंच उभ्यानं काही खाल्लं तं खाल्लं.

आता तो डब्बा करते काय, हे मले मागाहून जवाईबापूनंच सांगतलं. काहून सांगतलं तेबी सांगतो, पण पयले हे ऐका. मोठा डब्बा लोहाऱ्यात. महागावले आमचं कापूस खरेदीचं केंद्र, मुकुटबनले दुसरं. तिथं टेबलावर छोटे कॉम्प्युटर. पण काट्यावरच्या मोजमापाचा प्रोग्रॅम त्या छोट्यायमधे नाहीच! तो इथं, मोठ्या डब्ब्यात. महागावचा बाबू तिथं बटण दाबते, काम इथं होते, अन् त्याच्या काचेवर नुसतं दिसते. म्हणजे चूल माह्या घरी अन् ताट तुमच्या घरी. बरं. आता त्या डब्ब्यायले आतून खण असतात. खणायले नावं नाहीत, इंग्रजी अक्षरं. सी अन् डी. मी म्हणलं, ए-बी कुठं गेले? म्हणे, "आई, ते पयले होते, आता रिकामे असतात." रिकाम्यायले बी नंबर पयला, पाह्य तुम्ही!

तं मोठ्या डब्ब्यातबी सी-डी अन् महागावच्या छोट्या डब्ब्यातबी सी-डी. महागावचा बाबू धावजी, सरळ माणूस, तो दिवसभराचा हिशोब सीमधे ठेवे अन् दुसऱ्या दिवशी सीमधे पाहे तं गायब! अरे बावा, ठेवला तू लोहाऱ्याच्या सीत अन् शोधून राह्यला महागावच्या सीत, कुठून भेटंल? रोज सकाळी धावजीचा फोन. "संघदीपभाऊ, माहं कालचं सारं उडालं!" "उडालं नाही धावजीभाऊ, इथंच हाय." "मंग मले काहून दिसत नाही?" "तुम्ही तुमच्या घरात पाहून राह्यले." "मंग मी कोणाच्या घरात पाहू?" एका फोनात अर्धी सकाळ जाये.

शेवटी किसनरावनं फर्मान काढलं. मोठ्या डब्ब्याचे अक्षरं बदला. सीचं एम करा, डीचं एन करा. म्हणजे धावजीले त्याचं सी त्याचंच दिसंल अन् लोहाऱ्याचं एम दिसंल, मिटलं भांडण. आता यात वाईट काही नाही, बरं का! जवाईबापू म्हणतात सारेच करतात. पण कवा? डब्बा नवा कोरा असते तवा! आत एक सामान ठेवेल नसते तवा! एकदा का प्रोग्रॅम आत राह्याले आले का ते जागोजागी लिहून ठेवतात, माहं बोचकं डीत, माही चावी सीत. मग तुम्ही अक्षर बदललं का तो बिचारा जुन्याच दारावर जाऊन डोकं आपटते. तरीबी करायचंच असंल तं रीत हाये. आतल्या साऱ्याची एक नक्कल काढून बाजूले ठेवा, आत काम करणाऱ्या साऱ्या बाबूयले बाहेर काढा, दार लावा, मग बदला, मग प्रोग्रॅम नव्यानं बसवा, चालते का पाह्य, अन् मगच दार उघडा. अन् हे सारं सुट्टीच्या दिवशी. किती सरळ हाये! माह्यासारखीले समजलं!

आमच्या शहाण्यानं... त्यायनं... कवा केलं? सोमवारी! भर दुपारी! ऐन सीजन, गेटपासून डांबरी रोडपर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या! अन् नक्कल काढली का? "काढणारच होतो आई." काढणारच होतो! तुम्हाले सांगतो, हे 'होतो' तेवढं शिकवतात वाटते कोर्समधे.

अन् माणसं बाहेर काढले का? हां, इथं गंमत हाय. आपल्याकडे जिनिंगवाला बाबू कॉम्प्युटर बंद करत नाही. कारण टेलिफोनच्या वायरीतून लोहाऱ्याच्या डब्ब्यात शिरता शिरता माणसाचा चहा थंडा होते. म्हणून सकाळी एकदा शिरला का शिरला. अन् जेवाले उठला का काय करते? काचेवर रुई बसू नये म्हणून आपला दुपट्टा टाकते. दुपट्टा टाकला, झालं बंद! महागावले दुपट्टा, मुकुटबनले दुपट्टा, आमच्या ऑफिसात तं किसनराव आपली मफलर टाकते. म्हणजे माणूस तिकडे वरण-भात खाऊन राह्यला अन् कॉम्प्युटरच्या हिशोबानं तो आत मांडी घालून बसेल हाय! जवाईबापूले ते दिसलं. नावं दिसले काचेवर, धावजी आत, मुकुटबनवाला आत. फोन लावला. "धावजीभाऊ, जेवण झालं का?" "बसलो ना आता. दुपट्टा टाकला." आता तुम्हीच सांगा, एवढं शिकेल माणूस, त्यानं म्हणावं ना का दुपट्टा काढ अन् नीट बाहेर पड? नाही. त्यायचंबी डोकं जिनिंगचंच झालतं. दुपट्टा टाकला म्हणजे बंद! लावलं बदलाले.

मग काय झालं म्हणता? डब्बा बंद होऊन चालू झाला. धावजी ढेकर देत आला, दुपट्टा काढला, पुन्हा आत शिरला. काट्यावर गाडी उभी. बटण दाबलं. प्रोग्रॅम धावला डीकडे. लोहाऱ्यात डी राह्यलीच कुठं, तिचं तं एन झालतं! मग त्याले जी भेटली ती डी कोणती? धावजीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची. अन् त्या डीत काय? सीडी टाकाचं खोकं! काचेवर पाटी आली, डीमधे सीडी टाका. धावजी हुकमाचा माणूस. टाका म्हणते तं टाका. त्याच्यापाशी सीडी एकच, साळ्याच्या लग्नातली. टाकली! तुम्हाले सांगतो, भर खरेदी केंद्रात बँड वाजाले लागला! काटा बंद, मोजमाप बंद, पण बँड चालू! एक गाडीवाला सकाळपासून उपाशी लायनीत उभा होता, तो खाली उतरून नाचला म्हणे, म्हणे काहीतरी तं चालू झालं इथं! अन् मुकुटबनवाल्यापाशी सीडी नव्हती, तं तो बाजारात आणाले गेला!

इकडे आमच्याकडे हल्लकल्लोळ. गाडीवाले गेटवर बोंबलून राह्यले. शेठचा नागपूरहून फोन. किसनरावनं फोनचा आवाज मोठा केला, साऱ्यायले ऐकू येईल असा. शेठ तिकडून, "किसने किया? नाम बताओ!" अन् मी कुठं? मी दारात. जेवणाची सुट्टी, माह्या झाडूची वेळ. जवाईबापूनं डब्ब्याकडे पाह्यलं. किसनरावकडे पाह्यलं. खिडकीकडे पाह्यलं, उडी मारता येते का म्हणून. मग पाह्यलं माह्या झाडूकडे. अवो, माणसाची नजर झाडूवर कशी थांबते हे मी त्या दिवशी पाह्यलं! उपाशी माणसाची जिलबीवर थांबते तशी. "सर... ते... बाई झाडू मारत होती ना... वायर हालली असंल..."

वायर हालली असंल!

किसनराव माह्याकडे वळला. ज्या किसनरावले मी रोज बिनसाखरेचा चहा नेतो, त्याच्या बायकोलेबी माहीत नाही त्याले साखर हाय ते, मले माहीत! तो म्हणते, "नलूबाई, उद्यापासून येऊ नका. शेठचा हुकूम." अन् जवाईबापू? खाली पाहून बुटाची लेस बांधून राह्यले. बूट बिनालेसचा होता! जवाई हाय म्हणून... नाहीतर त्याच वायरीनं बांधलं असतं, तुम्हाले सांगतो.

घरी आली. जवाईबापू आले, रोजच्यासारखा "जयभीम आई" घातला. मी भिंतीले जयभीम घातला. बुढ्याले सांगतलं तं बुढा म्हणते, "घाबरला असंल तो. जवाई हाय, समजून घे." म्हणलं, अन् मी कोण हाय? मी समजून घ्याची मशीन हाय?

दुसऱ्या दिवशी मी गेली. येऊ नका म्हणलं तरी गेली. सरळ काचेच्या खोलीत. हजराबीले आवाज देला, ती यार्डात कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचते, तोंडाची माह्यापेक्षा तिखट. ती आली, तिच्यासंगं हमाल आले, बाबू आले, किसनराव धावत आला. मी म्हणलं, "माह्या झाडूनं बंद पडला ना? मग आता मारतो झाडू साऱ्यायसमोर. पाह्य काय काय बंद पडते!" अन् जो झाडू मारला मी! वायरीयच्या मधून, डब्ब्याच्या मागून, खालून, वरून, अख्ख्या सीजनची कसर काढली! जवाईबापू कोपऱ्यातून, "आई! आई, नका! आई, हळू!" मी म्हणलं, "आई कोणाले म्हणता? मी बाई हाये!" हजराबी दारातून, "मार नलू, और जोर से मार! जरा दामाद की तरफ से भी मार!" तुम्हाले सांगतो, डब्ब्याचा एक दिवा हालला नाही. टुकटुक टुकटुक करून राह्यला, जसं काही हासून राह्यला. मी घामानं ओली, कंबरेवर हात ठेवून किसनरावले म्हणलं, "आता बोला!"

किसनराव काय बोलला? साऱ्यायकडे पाहून म्हणते, "पाह्यलं? एवढ्या जोरानं मारते ही! कालबी असाच मारला असंल!"

अन् साऱ्यायनं माना हालवल्या हो! हमालायनं बी! झालं. मीच आपल्या हातानं आपला गुन्हा साबित करून आली. जाता जाता पाह्यलं तं चौकीदार त्या खोलीच्या दाराले लिंबू-मिरची बांधून राह्यला. माह्यासाठी!

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसेल. आमचं घर एका खोलीचं, मधात जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या तिकडे जवाईबापू पायलले सांगून राह्यले, हळू आवाजात, जसं काही पडदा विटायचा हाये. "पायल, झाडूनं नाही झालं वो. म्यांच अक्षरं बदलले. सीचं एम केलं. सामान सारं आतच हाय, एक काडी हरवली नाही, नुसता पत्ता बदलला, म्हणून कोणाले काही सापडत नाही." पायल म्हणे, "मंग आईचं नाव काहून घेतलं?" तं म्हणतात, "नाव कुठं घेतलं? बाई म्हणलं." पुन्हा तेच! तव्यावरची पोळी जळली तुम्हाले सांगतो, मी तशीच जळेल त्यायच्या ताटात वाढली. अन् मनात म्हणलं, असं हाये का? सामान सारं आतच, नुसता पत्ता बदलला? थांबा बापू.

सकाळी त्यायच्या आधी उठली. चष्मा पिठाच्या डब्ब्यात. गाडीची चावी तांदळात. शर्ट बुढ्याच्या गोधडीत, प्यांट कोठीमागं. कंगवा उखळात. बनियान पाटीखाली, पाटीवर कोंबडी बसवेल. साखरेच्या डब्ब्यात मीठ, मिठाच्या बरणीत साखर. दातावरचं मंजन हळदीच्या डब्बीत अन् हळद मंजनाच्या डब्बीत. पायल उठली, म्हणे, "आई, काय करून राह्यली वो?" म्हणलं, "काही नाही माय, अक्षरं बदलून राह्यली."

जवाईबापू उठले. दात पिवळे करून आले. चहात साखर घातली, घोट घेतला, तोंड असं केलं जसं नागपूरहून शेठचा फोन आला. "आई, चष्मा पाह्यला का माहा?" "घरातच हाये ना बापू." "चावी?" "घरातच हाये." "आई, माही प्यांट नाही दिसत..." मी भाकर थापत, गोड आवाजात, सासूनं बोलावं तसं, "सारं आतच हाये बापू. एक काडी हरवली नाही. नुसता पत्ता बदलला."

अन् मग माह्याकडे पाह्यलं त्यायनं. उघडे, पिवळे दात, कमरेले टॉवेल, चष्मा नाही म्हणून डोळे बारीक करून. समजलं त्यायले. मटकन् बसले. म्हणे, "आई, मी सांगतलं तं माही नोकरी जाईल. तुमची पोरगी काय खाईल?" मी म्हणलं, "अन् माही गेली, तं तुम्ही कोणाच्या घरी जेवाल? बुढ्याच्या गुडघ्यात पाणी झालं तवापासून ह्या घरातलं पीठ माह्या झाडूवर येते बापू. तेच पीठ, ज्यात तुमचा चष्मा हाये!" पायल पडद्याआडून, "मी तं आईसंगंच जेवतो. तुम्ही पाह्य तुमचं." माही पोरगी ती!

मग सारं सांगतलं त्यायनं. एमपासून एनपर्यंत, ते खण, ते पत्ते, तो दुपट्टा, ते नक्कल 'काढणारच होतो'. म्हणलं, "हे मले नका सांगू. किसनरावले सांगा." म्हणे, "प्यांट तं द्या." म्हणलं, "पयले कबूल करा." म्हणे, "केलं." चष्मा देला, चावी देली. प्यांट काढाले गेली तं कोठीमागं उंदरानं तेवढ्यातच... जाऊ द्या. बुढ्याच्या ढगळ पायजम्यात गेले ऑफिसात, नाडी हातात धरून, मागं मी. जवाई हाय म्हणून पायजमा तरी देला, नाहीतर टॉवेलवर नेलं असतं, तुम्हाले सांगतो!

किसनरावच्या केबिनमधे हात जोडून उभे राह्यले. एक हात जोडला, एक नाडीवर. "साहेब, चूक माही होती. झाडूचा काही संबंध नाही." मग शेठले फोन, पुन्हा मोठ्या आवाजात. मी दारात, कान टवकारून. म्हणलं आता शेठ फाडते. आता माह्या नावाचा डाग धुतल्या जाते, साऱ्यायसमोर. शेठ तिकडून ऐकून राह्यला, ऐकून राह्यला... अन् म्हणते, "लडका ईमानदार है! आजकल कौन अपनी गलती मानता है? इसको संभाल के रखो!"

ईमानदार!! किसनरावनं पाठ थोपटली. बाबू लोकायनं हात मिळवले. चहा मागवला. कोणाले मागवला? मले! "नलूबाई, चला, लागा कामाले, चार कप आणा." झालं. माहं नाव साफ झालं ते ह्या चार कपात. माफी? तुम्ही ऐकली असंल तं मले सांगा. मी चहाचा ट्रे घेऊन उभी अन् जवाईबापू पायजम्यात सत्कार घेऊन राह्यले!

बरं, मग रविवारी त्यायनं काम मात्र रीतीनं केलं, खोटं कायले बोलू? तोवर तिन्हीकडे हातानं लिहून मोजमाप चाललं. रविवारी धावजीले फोन करून म्हणे, दुपट्टा काढा, आत जा, नीट बाहेर पडा, मग पुन्हा दुपट्टा टाका नाहीतर घाला नाहीतर वाळू घाला. मुकुटबनलेबी तसंच. एकूण एक नाव काचेवरून गेलं का नाही ते डोळ्यानं पाह्यलं. कोणी आत शिरू नये म्हणून दार लावलं. नक्कल काढली, ती दुसऱ्या डब्ब्यात ठेवली, उघडून पाह्यली. मग प्रोग्रॅम नव्यानं बसवले, एमले एम म्हणूनच वळखणारे. सोमवारी धावजीचा पयला फोन, "संघदीपभाऊ, काटा चालू! सीडी परत पाठवू का?"

अन् त्याच दिवशी शेठचा नवा हुकूम आला. किसनरावनं टाईप करून त्या काचेच्या दारावर डकवला. 'कॉम्प्युटर रूमची साफसफाई यापुढे कॉम्प्युटर ऑपरेटर स्वतः करतील.' मी अक्षर अक्षर जोडून वाचला अन् तुम्हाले सांगतो, जे पेटेल होतं ना इथं छातीत, ते असं शांत झालं! जवाईबापूच्या हातात झाडू! देव मी मानत नाही, पण शेठ मानाले लागली. मी स्वतः नवा झाडू आणून देला त्यायले, दोन्ही हातानं, मानानं. "घ्या बापू." त्यायनं तो असा धरला जसं कोणी मेलेला साप देला. मारला. रुई खालून उचलून वर नेली, वरून परत खाली. नाकात गेली, घशात गेली. संध्याकाळी आले तं डोळे लाल, शिंका नाही थांबून राह्यल्या. मी जेवताना दोन घास जास्त खाल्ले.

पण रातभर त्यायचा खोकला चालला. दुसऱ्या रातीबी. तिसऱ्या रातीबी. पडद्याच्या तिकडून ठक् ठक् ठक्. सकाळी पायल उठली तं डोळ्याखाली काळं. काही म्हणाली नाही पोरगी. काही म्हणाली असती तं मी भांडली असती. नाही म्हणाली, हेच तं वाईट. अन् तिकडे तो डब्बा. मी एकदा काचेतून पाह्यलं तं मागून रुईच्या दाढ्या लोंबून राह्यल्या, घुर्र घुर्र करून राह्यला, मले पाहून जास्तच घुरघुरला.

आता काय करता? पोरगी देऊन बसलो ना! मी आता त्यायच्या आधी जातो. चौकीदार कुलूप उघडून देते, कोणाले सांगत नाही. चूपचाप झाडून घेतो, फडकं मारतो, वायर वायर पुसतो, अन् त्यायची गाडी गेटवर आली का मागच्या दारानं निघून पुढच्या दारानं कामाले येतो. जवाईबापूले माहीत हाये. ते हातात कोरा झाडू घेऊन खोलीत उभे राहतात नुसते.

अन् काल किसनराव आला. काचेवर बोट फिरवलं, डब्ब्यामागं वाकून पाह्यलं, अन् जवाईबापूच्या खांद्यावर हात ठेवून, मी तिथंच चहा घेऊन उभी असताना, म्हणते, "वा संघदीप! झाडू मारावा तं असा! त्या बाईले कधी नाही जमलं."